एसक्यूएलमध्ये तारीख-वेळेच्या रेंजने रेकॉर्ड फिल्टर करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारखेवरची क्वेरी चुकली तर बहुतेक वेळा एरर येत नाही. रो येतात, बेरीज होते, रिपोर्ट निघतो, फक्त त्यात महिन्याचा शेवटचा दिवस नसतो. म्हणून इथे खरा प्रश्न सिंटॅक्सचा नाही, सीमांचा आहे: रेंज नेमकी कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ती कोणत्या घड्याळाने मोजली आहे. खालची उत्तरं पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या डेटाबेसना धरून आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून क्वेरी देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कीवर्ड आणि अंक अर्थातच इंग्रजी.

बिटवीन वापरल्यावर महिन्याचा शेवटचा दिवस का गळतो?

नेहमी दिसणारी अट अशी असते:

व्हेअर ऑर्डर_वेळ बिटवीन '२०२४-०३-०१' अँड '२०२४-०३-३१'

बिटवीन दोन्ही टोकं धरतो, हे खरं आहे. पण कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल, तर नुसत्या '२०२४-०३-३१' चा अर्थ होतो त्या दिवसाचे ००:००:००. म्हणजे ३१ तारखेला बरोबर मध्यरात्री नोंदलेली ऑर्डर येते आणि सकाळी नऊची येत नाही. रोज साधारण सारख्या ऑर्डर होत असतील तर महिन्याचा आकडा सुमारे ३ टक्क्यांनी कमी दिसतो. एवढा फरक नजरेला खटकत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये टिकून राहते. एकाच दिवसाचा डेटा मागताना दोन्ही टोकांना तीच तारीख दिली की जवळपास काहीच येत नाही, आणि बऱ्याच जणांना गडबड तेव्हा पहिल्यांदा कळते.

मग अट लिहायची कशी?

डावं टोक धरायचं, उजवं सोडायचं. यालाच हाफ-ओपन रेंज म्हणतात:

व्हेअर ऑर्डर_वेळ >= '२०२४-०३-०१' अँड ऑर्डर_वेळ < '२०२४-०४-०१'

उजवीकडे रेंजचा शेवटचा क्षण नसतो, पुढच्या रेंजचा पहिला क्षण असतो. महिना २८ चा की ३१ चा हे बघावं लागत नाही. कॉलम सेकंदापर्यंत अचूक आहे की मायक्रोसेकंदापर्यंत, याने काही बिघडत नाही. उद्या कॉलमचा प्रकार बदलला तरी अट तीच चालते. सगळ्यात मोलाचं म्हणजे मार्चची रेंज जिथे संपते तिथेच एप्रिलची सुरू होते. एकही रो दोन महिन्यांत मोजली जात नाही आणि एकही मधल्या फटीत पडत नाही. बारा महिन्यांची बेरीज वर्षाच्या आकड्याशी जुळायलाच हवी, आणि या पद्धतीत ती जुळते.

वापरकर्ता स्क्रीनवर 'पासून १ मार्च, पर्यंत ३१ मार्च' असंच निवडणार आणि त्याच्या मनात ३१ तारीख धरलेली असणार. तिथे काही बदलायचं नाही. मिळालेल्या 'पर्यंत'मध्ये एक दिवस मिळवून ती तारीख '<' सोबत वापरायची. हे एक दिवस मिळवणं कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. फॉर्मने मिळवला, सर्व्हिसनेही मिळवला, असं झालं की एक दिवस जास्तीचा येतो.

शेवटी २३:५९:५९ लावलं तर चालत नाही का?

चालतं असं वाटतं, आणि धोका त्यातच आहे. २३:५९:५९ आणि मध्यरात्र यांच्यामध्ये अख्खा एक सेकंद आहे. कॉलम मिलिसेकंद किंवा मायक्रोसेकंद साठवत असेल, तर २३:५९:५९.४ ची नोंद बाहेर राहते.

मग काही जण २३:५९:५९.९९९ लिहितात. एसक्यूएल सर्व्हरमधला जुना डेटटाइम प्रकार सेकंदाचा अपूर्णांक .०००, .००३ किंवा .००७ अशा टप्प्यांवर राउंड करतो. त्यामुळे '२०२४-०३-३१ २३:५९:५९.९९९' चं रूपांतर होतं '२०२४-०४-०१ ००:००:००.०००' मध्ये, आणि १ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या नोंदी मार्चमध्ये शिरतात. कॉलममध्ये वेळ न भरता नुसती तारीख भरलेली असेल तर अशी नोंद एखाददुसरी नसते, एक एप्रिलच्या सगळ्याच नोंदी येतात. यावर उतारा म्हणून .९९७ लिहिण्याची पद्धत पडली. कॉलम डेटटाइम२ केला, ज्याची अचूकता १०० नॅनोसेकंदांपर्यंत असते, की तोही उतारा फसतो. स्मॉलडेटटाइम तर मिनिटाला राउंड करतो. तिथे साधं २३:५९:५९ सुद्धा पुढच्या दिवशी जातं.

मायएसक्यूएलमध्ये हाच राउंडिंगचा प्रकार डेटा भरताना घडतो. अपूर्णांक न साठवणाऱ्या डेटटाइम कॉलममध्ये २३:५९:५९.६ भरलं तर डीफॉल्टनुसार ते पुढच्या दिवसाचं ००:००:०० होतं. आवृत्ती ८.० पासून टाइम_ट्रंकेट_फ्रॅक्शनल हा एसक्यूएल मोड लावून राउंड करण्याऐवजी छाटता येतं.

म्हणजे बिटवीन कधीच वापरायचा नाही?

कॉलम निव्वळ डेट प्रकारचा असेल, त्यात वेळ नसेलच, तर बिटवीन बरोबर चालतो आणि वाचायलाही सोपा असतो. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा: ओरॅकलचा डेट प्रकार नावाने डेट असला तरी सेकंदापर्यंत वेळ साठवतो. तिथे बिटवीनची तीच गत होते. आणि टोकं उलटी दिली, मोठी तारीख आधी आणि छोटी नंतर, तर बिटवीन तक्रार करत नाही. शून्य रो देतो.

व्हेअरमध्ये डेट(ऑर्डर_वेळ) = '२०२४-०३-०१' लिहिलं तर काय बिघडतं?

उत्तर बरोबर येतं, पण बहुतेक वेळा फार महागात पडतं. इंडेक्समध्ये, म्हणजे रो पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीत, ऑर्डर_वेळच्या मूळ किमती क्रमाने लावलेल्या असतात. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की डेटाबेसला त्या क्रमाचा उपयोग करता येत नाही. प्रत्येक रो उचलायची, फंक्शन चालवायचं, मग तुलना करायची, एवढाच मार्ग उरतो. इयर(ऑर्डर_वेळ) = २०२४, ओरॅकलमधला ट्रंक(ऑर्डर_वेळ), टू_कॅर करून मजकुराची तुलना, सगळ्यांची कथा हीच.

इलाज सोपा आहे: कॉलम मोकळा ठेवा, गणित दुसऱ्या बाजूला न्या. वर्षाची अट >= '२०२४-०१-०१' आणि < '२०२५-०१-०१' अशी लिहा. 'ऑर्डर_वेळ + ७ दिवस > आत्ता' ऐवजी 'ऑर्डर_वेळ > आत्ता − ७ दिवस' लिहा. गणिताने दोन्ही सारखंच, पण पहिल्यात इंडेक्स वाया जातो.

खात्री करायला एक्सप्लेन चालवा; क्वेरी कशी चालेल याचा प्लॅन तो दाखवतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्लॅनमध्ये तारखेची अट 'इंडेक्स कंड' खाली दिसली पाहिजे, 'फिल्टर' खाली नाही. मायएसक्यूएलमध्ये टाइप या रकान्यात 'ऑल' असेल तर पूर्ण टेबल वाचलं जातंय; 'रेंज' हवं.

काही सवलती आहेत. एसक्यूएल सर्व्हर कास्ट(ऑर्डर_वेळ ॲज डेट) ओळखून इंडेक्स वापरू शकतो, मात्र किती रो येतील याचा त्याचा अंदाज चुकू शकतो. मायएसक्यूएलवरून निघालेल्या मारियाडीबीत ११.१ पासून डेट() आणि इयर() यांची स्थिर किमतीशी केलेली तुलना ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायचा मार्ग निवडणारा भाग) स्वतः रेंजमध्ये बदलतो. मायएसक्यूएल ८.०.१३ पासून फंक्शनल इंडेक्स, म्हणजे फंक्शनच्या उत्तरावरचा इंडेक्स, करता येतो. ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही सोय जुनी आहे. पण पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टाइमझोनसह टाइमस्टॅम्पवर थेट डेटमध्ये कास्ट करून इंडेक्स बनवू गेलात तर एरर येईल, कारण ते रूपांतर सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनवर अवलंबून असतं आणि इंडेक्सला कायम तेच उत्तर देणारं फंक्शन लागतं. एवढ्या अटी सांभाळत बसण्यापेक्षा दोन तुलना लिहिणं केव्हाही बरं.

कॉलम मोकळा आहे, इंडेक्सही आहे, तरी पूर्ण टेबल वाचलं जातं. का?

आधी रेंज किती मोठी आहे ते पाहा. टेबलातल्या निम्म्या रो हव्या असतील तर इंडेक्समधून एकेक रो शोधत जाण्यापेक्षा सरळ सगळं वाचणं स्वस्त पडतं. ऑप्टिमायझरचा निर्णय बरोबर असतो.

दुसरं कारण कंपोझिट, म्हणजे एकाहून जास्त कॉलमच्या, इंडेक्समधला क्रम. 'ग्राहक_क्र = ४२ आणि ऑर्डर_वेळ या रेंजमध्ये' अशी क्वेरी असेल तर इंडेक्स (ग्राहक_क्र, ऑर्डर_वेळ) असा हवा. समान-चिन्हाचा कॉलम आधी, रेंजचा नंतर. उलट क्रम लावला तर रेंजमधल्या सगळ्या ग्राहकांच्या नोंदी चाळाव्या लागतात.

तिसरं, जुनी आकडेवारी. रोज भर पडणाऱ्या टेबलात आजच्या तारखा गोळा केलेल्या स्टॅटिस्टिक्सच्या पलीकडे असतात, आणि ऑप्टिमायझर 'इथे फारसं काही नसेल' असा चुकीचा अंदाज बांधतो. ॲनलाइझ किंवा अपडेट स्टॅटिस्टिक्स चालवून पुन्हा प्लॅन बघा.

प्रचंड मोठ्या आणि काळाच्या क्रमानेच भरत जाणाऱ्या लॉगच्या टेबलासाठी पोस्टग्रेएसक्यूएलचा ब्रिन इंडेक्स उत्तम: तो प्रत्येक रो न नोंदवता ब्लॉकच्या गटागटाची किमान-कमाल किंमत ठेवतो, म्हणून आकाराने अगदी लहान असतो. नंतर मागच्या तारखांच्या नोंदी अधेमधे भरल्या जात असतील तर त्याचा फायदा ओसरतो.

तारीख कोणत्या स्वरूपात द्यावी?

'०३/०४/२०२४' कधीही नको. ती ३ एप्रिल की ४ मार्च हे सर्व्हरच्या सेटिंगवर ठरतं. वर्ष-महिना-दिवस हा क्रम सगळीकडे सुरक्षित मानला जातो, पण एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइममध्ये तोही पूर्ण सुरक्षित नाही: सेशनची भाषा ब्रिटिश असेल तर '२०२४-०३-०१' चा अर्थ ३ जानेवारी होतो. तिथे मधल्या रेघा न देता '२०२४०३०१' असं लिहायचं.

ओरॅकलमध्ये नुसता मजकूर दिला तर त्याचा अर्थ एनएलएस_डेट_फॉरमॅट हे सेटिंग ठरवतं, म्हणून डेट '२०२४-०३-०१' हा लिटरल किंवा टू_डेट वापरा. टू_डेटच्या फॉरमॅटमध्ये मिनिटांसाठी एमआय लागतं, एमएम म्हणजे महिना. टू_डेटमध्ये ही चूक एरर देऊन पकडली जाते, टू_कॅरमध्ये मात्र मिनिटांच्या जागी मुकाट्याने महिना छापला जातो.

प्रोग्राममधून क्वेरी चालवताना तारीख मजकुरात जोडूच नका. पॅरामीटर म्हणून, तारखेच्याच प्रकाराची किंमत पाठवा. स्वरूपाचा प्रश्न संपतो आणि इंजेक्शनचाही, म्हणजे मजकुरातून घातक क्वेरी घुसवण्याचाही.

आज, चालू महिना, गेले ७ दिवस: या अटी कशा लिहायच्या?

आजच्या नोंदी, डेटाबेसनुसार:

- पोस्टग्रेएसक्यूएल: >= करंट_डेट आणि < करंट_डेट + १
- मायएसक्यूएल: >= करंट_डेट आणि < करंट_डेट + इंटरव्हल १ डे
- एसक्यूएल सर्व्हर: >= कास्ट(गेटडेट() ॲज डेट) आणि < डेटॲड(डे, १, कास्ट(गेटडेट() ॲज डेट))
- ओरॅकल: >= ट्रंक(सिसडेट) आणि < ट्रंक(सिसडेट) + १
- एसक्यूलाइट: >= डेट('नाऊ', 'लोकलटाइम') आणि < डेट('नाऊ', 'लोकलटाइम', '+१ डे')

मायएसक्यूएलमध्ये इंटरव्हल विसरून नुसतं '+ १' लिहिलं तर तारखेचा आधी पूर्णांक होतो. ३१ मार्चला उत्तर येतं २०२४०३३२, जी तारीखच नाही. महिनाभर नीट चालणारी क्वेरी महिनाअखेरीला बिघडण्याचं हे एक खास कारण. एसक्यूलाइटमध्ये 'लोकलटाइम' गाळलं तर 'आज' यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) होतो. उलट कॉलममधल्या वेळा यूटीसीच्या असतील तर 'लोकलटाइम' लावून स्थानिक तारखेशी केलेली तुलनाच चुकीची ठरते.

चालू महिन्याची सुरुवात पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डेट_ट्रंक('मंथ', करंट_डेट), ओरॅकलमध्ये ट्रंक(सिसडेट, 'एमएम'). एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटफ्रॉमपार्ट्सला वर्ष, महिना आणि १ द्या. २०२२ च्या आवृत्तीपासून डेटट्रंकही आहे. शेवट म्हणजे या सुरुवातीत एक महिना मिळवायचा आणि '<' लावायचं.

'गेले ७ दिवस' याचे दोन अर्थ होतात. आत्तापासून मागे १६८ तास, किंवा आज सोडून मागचे पूर्ण सात दिवस. पहिला निरीक्षणाच्या डॅशबोर्डला ठीक, कारण तो सतत सरकतो. रिपोर्टला दुसरा हवा, नाहीतर सकाळी आणि संध्याकाळी काढलेले आकडे जुळत नाहीत. रिपोर्ट मागणाऱ्याला आधी हे विचारून घ्या.

३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर?

पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर शेवटच्या शक्य दिवसावर थांबतात: २०२४ मध्ये २९ फेब्रुवारी. ओरॅकलचं ॲड_मंथ्स आणखी एक पाऊल पुढे जातं: महिन्याचा शेवटचा दिवस दिला तर उत्तरही शेवटचाच दिवस, म्हणून २८ फेब्रुवारी २०२३ अधिक एक महिना म्हणजे ३१ मार्च. त्याच ओरॅकलमध्ये ३१ जानेवारीत इंटरव्हल '१' मंथ मिळवला तर सरळ एरर येते. महिन्यांच्या सीमा काढताना नेहमी १ तारखेपासून मोजा, म्हणजे हा पेच पडत नाही. आणि आधीच्या उत्तरात पुन्हा महिना मिळवत जाऊ नका. ३१ जानेवारीवरून २९ फेब्रुवारी, तिथून २९ मार्च, अशी तारीख घसरत जाते.

टाइमझोनमुळे दिवस बदलतो तो कसा सांभाळायचा?

कॉलममध्ये एक निश्चित क्षण साठवला आहे की भिंतीवरच्या घड्याळात दिसलेले आकडे, हे पहिल्यांदा शोधा. पोस्टग्रेएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन क्षण साठवतो, आत यूटीसीच्या रूपात. टाइमझोनचं नाव तो साठवत नाही, नावावरून तसं वाटत असलं तरी. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प भरताना यूटीसीत नेतो आणि वाचताना सेशनच्या टाइमझोनमध्ये आणतो; त्याची मर्यादा १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी. मायएसक्यूएलचा डेटटाइम दिले तेच आकडे ठेवतो.

समजा वेळा यूटीसीत आहेत आणि टोकियोतला १ मार्च २०२४ हा दिवस हवा आहे. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे. तिथली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत २९ फेब्रुवारीचे १५:००. म्हणून अट होते >= '२०२४-०२-२९ १५:००' आणि < '२०२४-०३-०१ १५:००'. इथेही सीमा बदलायच्या, कॉलम नाही. कॉलमवर ॲट टाइम झोन किंवा कन्व्हर्ट_टीझेड लावलं की इंडेक्स गेला.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सीमा अशी लिहिता येते: टाइमस्टॅम्प '२०२४-०३-०१ ००:००' ॲट टाइम झोन 'एशिया/टोकियो'. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेड शहराच्या नावाने वापरायचं तर टाइमझोनची टेबलं आधी लोड केलेली हवीत. नसतील तर फंक्शन एरर न देता नल (किंमतच नाही) देतं, तुलना नल होते आणि शून्य रो येतात. नव्या सर्व्हरवर गेल्यावर अचानक रिपोर्ट रिकामा आला तर पहिला संशय इथे घ्या.

तीच क्वेरी तुमच्या लॅपटॉपवर वेगळे आकडे देते आणि सर्व्हरवर वेगळे, याचंही कारण बहुधा सेशनचा टाइमझोन. करंट_डेट त्यावरच ठरतो.

घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत एका दिवसाचे तास किती?

२३, २४ किंवा २५. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ हा दिवस २३ तासांचा होता आणि ३ नोव्हेंबर २०२४ हा २५ तासांचा. म्हणून दिवसाचा शेवट काढताना सुरुवातीत २४ तास मिळवू नका. दोन्ही मध्यरात्री स्थानिक टाइमझोनमध्ये काढा आणि मग दोन्हींचं यूटीसी करा. पोस्टग्रेएसक्यूएल टाइमझोनसह टाइमस्टॅम्पमध्ये '१ डे' आणि '२४ अवर्स' वेगळे मानतो, तो याचसाठी. ३ नोव्हेंबरला रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो. नुसती स्थानिक वेळ साठवली असेल तर १:३० ची नोंद कोणत्या फेरीतली हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

रोज रात्री १० ते सकाळी ६ मधल्या नोंदी कशा काढायच्या?

वेळेच्या भागावर बिटवीन '२२:००' अँड '०६:००' लावलं तर काही येत नाही, कारण २२ हे ६ पेक्षा मोठं आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या रेंजला ऑर लागतो: (वेळ >= '२२:००' ऑर वेळ < '०६:००'). कंस विसरू नका. अँड आधी जुळतो, आणि कंस नसेल तर तारखेची अट ऑरच्या एकाच बाजूला चिकटते. पोस्टग्रेएसक्यूएलचा बिटवीन सिमेट्रिक टोकं अदलाबदल करतो, पण त्याने सकाळी ६ ते रात्री १० मिळतं, बरोबर उलटं.

रात्रपाळीचा हिशेब असेल तर पहाटे ३ ची नोंद आदल्या दिवसाच्या पाळीत धरायची असते. वेळेतून ६ तास वजा करून जी तारीख येते ती पाळीची तारीख. ग्रुप बायला ही युक्ती छान. व्हेअरमध्ये मात्र मोकळ्या कॉलमवर ठोस सीमाच द्या.

दोन कालावधी एकमेकांवर येतात का, हे कसं शोधायचं?

खोलीचं बुकिंग, कराराची मुदत, रजा यांत प्रत्येक रोला सुरुवात आणि शेवट असतो. लोक चार शक्यता वेगवेगळ्या लिहितात आणि एखादी राहून जाते. एकच अट पुरते:

सुरुवात < मागितलेला_शेवट अँड शेवट > मागितलेली_सुरुवात

दोन कालावधी एकमेकांवर येत नाहीत ते दोनच प्रकारे: एक दुसऱ्याच्या पूर्ण आधी किंवा पूर्ण नंतर. वरची अट त्याचाच नकार आहे. शेवट हाफ-ओपन धरला असेल तर ११ वाजता संपणारं आणि ११ ला सुरू होणारं बुकिंग भांडत नाहीत. शेवटची तारीख मोजण्यात धरलेली असेल, जशी रजेत असते, तर <= आणि >= लागतात.

चालू करारात शेवट नल असतो. तिथे (शेवट इज नल ऑर शेवट > मागितलेली_सुरुवात) असं लिहावं लागतं, नाहीतर नेमके चालू करारच गळतात.

दुहेरी बुकिंग रोखायचं असेल तर आधी क्वेरीने तपासून मग इन्सर्ट करणं पुरेसं नाही. दोन जण एकाच क्षणी तपासतात आणि दोघांनाही खोली रिकामी दिसते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टीएसटीझेडरेंज हा सुरुवात-शेवट एकत्र साठवणारा प्रकार आणि एक्सक्लूड कन्स्ट्रेंट लावला तर डेटाबेसच दुसरी नोंद नाकारतो.

तारीख मजकुराच्या किंवा पूर्णांकाच्या कॉलममध्ये असेल तर?

'३१-०१-२०२४' अशा मजकुरावर रेंज लावता येत नाही. अक्षरांच्या क्रमाने '०२-१२-२०२४' हे '३१-०१-२०२४' च्या आधी येतं. नवा डेट कॉलम जोडून, एकदाच रूपांतर करून, त्यावर इंडेक्स करा. रूपांतर न झालेल्या रो वेगळ्या काढून बघा, असतातच.

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकार नाही. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर तिथे बरोबर लागतो, पण सगळ्या रोंचं स्वरूप तंतोतंत एक हवं. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये काही रोंत मोकळी जागा आणि काहींत 'टी' असेल तर त्याच दिवसाची 'टी'वाली सकाळ मोकळ्या जागेवाल्या रात्रीच्या नंतर लागते.

युनिक्स वेळ पूर्णांकात असेल तर अंक मोजा: सध्याच्या तारखांना १० अंक म्हणजे सेकंद, १३ म्हणजे मिलिसेकंद. सीमांचा पूर्णांक करा, कॉलमची तारीख नाही.

नॉट बिटवीन लावल्यावर काही रो दोन्हीकडे दिसत नाहीत. असं का?

त्या रोंत तारीख नल आहे. नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. हव्या असतील तर 'ऑर ऑर्डर_वेळ इज नल' जोडा.

ज्या दिवशी एकही नोंद नाही तो दिवस रिपोर्टमध्ये शून्यासह कसा दाखवायचा?

नसलेल्या रोवर ग्रुप बाय होत नाही. तारखांची यादी वेगळी लागते: कॅलेंडर टेबल, किंवा पोस्टग्रेएसक्यूएलचं जनरेट_सिरीज. त्या यादीला ऑर्डर्स लेफ्ट जॉइन करा. जॉइनची अट ऑर्डर_वेळ >= दिवस आणि ऑर्डर_वेळ < दिवस + १ अशी, आणि ती ऑनमध्येच ठेवा. ऑर्डर_वेळवरची अट व्हेअरमध्ये गेली की रिकामे दिवस नलमुळे बाद होतात. मोजताना काउंट(*) नको. तो रिकाम्या दिवसालाही १ देतो. काउंट(ऑर्डर_क्र) द्या.

आठवड्याने फिल्टर करताना आकडे का जुळत नाहीत?

आठवडा कधी सुरू होतो यावर एकमत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचं डेट_ट्रंक('वीक') सोमवार धरतं, एसक्यूएल सर्व्हर डेटफर्स्ट सेटिंग पाहतो, मायएसक्यूएलच्या वीक() ला ० ते ७ असे आठ मोड आहेत. वर्षअखेर तर आणखी अवघड: ३० डिसेंबर २०२४ हा आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो. आठवड्याच्या क्रमांकावर फिल्टर न करता सोमवारची तारीख काढा आणि >= सोमवार, < सोमवार + ७ दिवस असं लिहा.

माझी अट बरोबर आहे हे कसं तपासू?

सीमेवरच्या रो मुद्दाम भरा. मार्चसाठी चार पुरेत: २९ फेब्रुवारी २३:५९:५९.९९९, १ मार्च ००:००:००, ३१ मार्च २३:५९:५९.९९९ आणि १ एप्रिल ००:००:००. मधल्या दोनच यायला हव्यात. कॉलम मिलिसेकंद साठवत नसेल तर याच चाचणीत राउंडिंगही उघडं पडतं. मग सेशनचा टाइमझोन बदलून तीच चाचणी पुन्हा चालवा.

'शेवटच्या सिंकनंतर बदललेल्या रो' आणताना काही रो कायमच्या सुटतात. काय चुकतंय?

अट असते बदल_वेळ > मागची_कमाल. मागची_कमाल म्हणजे आधीच्या सिंकमध्ये दिसलेली सर्वांत उशिराची बदल_वेळ. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची (बदल पक्के होण्याची) नाही. एखादं ट्रान्झॅक्शन १०:००:०० ला सुरू झालं आणि १०:००:२० ला कमिट झालं. मधे १०:००:१० ला सिंक चालला. त्याला ही रो दिसली नाही, पण १०:००:०८ ची दुसरी दिसली आणि तीच कमाल म्हणून नोंदली गेली. पुढच्या वेळी १०:००:०० वाली रो कमालीच्या मागे पडलेली असते. ती कधीच येत नाही.

दर वेळी थोडं मागे जाऊन वाचा, सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त, उदाहरणार्थ ५ मिनिटं, आणि प्रायमरी कीवर अपसर्ट करा (रो असेल तर बदला, नसेल तर भरा) म्हणजे दुबार आलेल्या रोंनी नुकसान होत नाही.

उलटी तक्रारही असते: तीच एक रो दर वेळी परत येते. पोस्टग्रेएसक्यूएल मायक्रोसेकंद साठवतो आणि जावास्क्रिप्टचा डेट मिलिसेकंदांपर्यंतच जातो. १०:००:००.१२३४५६ ही कमाल १०:००:००.१२३ म्हणून जतन झाली, तर मूळ रो तिच्यापेक्षा कायम मोठीच राहणार. कमाल मजकूर म्हणून, सहाही अंकांसह जतन करा.

पानांपानांनी आणत असाल तर एकाच वेळेच्या अनेक रो पानाच्या काठावर तुटतात. क्रम (बदल_वेळ, क्र) असा लावा आणि अटही जोडीवर लिहा: (बदल_वेळ, क्र) > (मागची_वेळ, मागचा_क्र). एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशी जोडीची तुलना चालत नाही; तिथे बदल_वेळ > मागची_वेळ ऑर (बदल_वेळ = मागची_वेळ अँड क्र > मागचा_क्र) असं उलगडून लिहावं लागतं.